ज्याचा प्लॉट, त्याचं पाणी नाही

नवीन जालन्याच्या बाजारात एक मेथीवाली बसायची. आमचे साहेब लांबून येताना दिसले की ती घाईघाईने जुड्यांवर ओलं पोतं टाकायची. साहेब जुडी घ्यायच्या आधी साफ करायला बसत, आणि नुसती आपलीच नाही, शेजारचीही. मेथीत आलेली गवताची काडी, चुकून घुसलेली शेपू, असं काहीही दिसलं की दोन बोटांत धरून ओढायचे, बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "भेसळ हाये."

"साहेब, घ्यायची तं घ्या. निवडायचं काम घरी जाऊन करा," असं ती बाई म्हणायची. पण त्यांची बायको, म्हणजे काकू, सांगायच्या की लग्नाला चौतीस वर्षं झाली, ह्या माणसाने घरात एक जुडी निवडली नाही. घरची भाजी ही त्यांची ड्यूटी नव्हती.

त्यांची ड्यूटी होती आमच्या बियाण्याच्या कंपनीचे प्लॉट तपासायची. कंपनी शेतकऱ्याला वाण देते, तो बियाण्यासाठी पीक लावतो, त्याला प्लॉट म्हणायचं. त्या प्लॉटात दुसऱ्या वाणाचं झाड चालत नाही. तसलं झाड ओळखायचं आणि मुळासकट उपटायचं. फारच निघाली तर प्लॉट रद्द, आणि शेतकऱ्याने ते पीक साधा माल म्हणून बाजारात न्यायचं. साहेबांनी सगळी नोकरी हेच केलं. त्यांचं खरं आडनाव आता मलाही पटकन आठवत नाही, कारण गावोगाव लोक त्यांना पाठीमागे 'उपटे साहेब' म्हणत.

मी त्याच कंपनीच्या ऑफिसात होते. कागद, याद्या, डीलर लोकांच्या मीटिंगा आणि वर्षातून एकदा त्यांची टूर, हे माझं काम. खरं सांगते, मला प्रवास आवडतो, पण चाळीस डीलर सोबत असलेला प्रवास मी शत्रूलाही देणार नाही. कुणाला खिडकी हवी, कुणाला झणझणीत हवं, कुणाची बॅग दरवेळी हरवते आणि दरवेळी त्याच्याच खांद्यावर सापडते.

साहेबांचे नियम ठरलेले होते. प्लॉट बघताना सूर्य पाठीशी हवा. डोळ्यांवर ऊन आलं की पानाचा रंग फसवतो, फुलाचा तर फसवतोच फसवतो. हे कामापुरतं ठीक होतं, पण त्यांनी ते आयुष्याला लावलं. गंमत अशी की त्यांचं घर ऑफिसच्या पश्चिमेला. सकाळी येताना ऊन तोंडावर, संध्याकाळी जाताना पुन्हा तोंडावर. सगळी नोकरी डोळ्यांवर हात धरून केली आणि दरवर्षी एकदा तरी म्हणाले, "ताई, घर चुकीच्या बाजूला घेतलं बघा."

दुसरा नियम पाण्याचा. खांद्याला दोन लिटरची निळी कॅन, कपड्यात गुंडाळलेली, उन्हाळा असो की हिवाळा. ज्याचा प्लॉट बघायचा त्याच्या घरचा चहा नाही, पाणी नाही, उसाचं कांडकंसुद्धा नाही. आपल्या भागात दारात आलेल्या माणसाने पाणी नाकारणं म्हणजे काय हे मी सांगायला नको. बायामाणसं तांब्या घेऊन बांधावर यायच्या आणि साहेब कॅनचं झाकण उघडून स्वतःचं पाणी पीत. "आज पाणी, उद्या पोहे, परवा म्हणंल साहेब येवढं सोडून द्या," असं ते म्हणायचे. नव्या पोरांना पहिल्या दिवशी तोंडपाठ करायला लावायचे: ज्याचा प्लॉट, त्याचं पाणी नाही.

साहेब हसनाबादचे. तिथे शेतातल्या घरात त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. निम्मं घर साहेबांच्या वाटणीचं, आणि रिटायर झाल्यावर तिथेच जाऊन राहायचं, सकाळी बांधावरून फिरायचं, हे त्यांनी नोकरी लागल्या दिवसापासून ठरवलं होतं. मधे एक अडचण झाली. भावाने एका वर्षी आमच्या कंपनीचा सोयाबीनचा प्लॉट घेतला. वाण पांढऱ्या फुलाचा, आणि फुलोऱ्यात बघतात तर जागोजाग जांभळी फुलं. साहेबांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. भाऊ तेव्हा मेव्हणीच्या लग्नात अडकलेला, झाडं काढायची राहून गेली. तिसऱ्या वेळी साहेब सूर्य पाठीशी घेऊन अख्खा प्लॉट चालले आणि बांधावर बसून कागदावर लिहिलं: रद्द. त्या दिवसापासून भाऊ त्यांच्याशी बोलला नाही. नऊ वर्षं.

हे मला काकूंनी सांगितलं. साहेबांच्या रिटायरमेंटला महिना राहिला होता. कंपनीने त्यांना निरोप म्हणून डीलर लोकांच्या टूरमध्ये जोडीने पाठवायचं ठरवलं. त्या वर्षी टूर अंदमानची होती. काकू डब्यात धपाटे घेऊन ऑफिसात आल्या, माझ्या टेबलापाशी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्या यादीत आमच्या धाकट्या भाऊजीचं बी नाव हाये म्हणं?"

होतं. भाऊ प्लॉटच्या धंद्यातून बाहेर पडला होता आणि भोकरदनला त्याने बी-खताचं दुकान टाकलं होतं. आमचंच बियाणं विकायचा, आणि जोरात विकायचा.

"मंग खोल्या शेजारी-शेजारी दे बाई," काकू म्हणाल्या. "ह्यांचं सामान बांधून तयार हाये. रोज रात्री जेवताना म्हणतेत, गावाकडं जाऊ. पण भाऊ तोंड फिरवून बसला तं त्या घरात कसं ऱ्हायचं? भिंतीशी बोलायचं का? आन हे काय सोताहून बोलणार न्हाईत, जीव गेला तरी."

मी म्हटलं, भाऊजी अजून रागात असले तर? तसा अंदाज घ्यायला मी भोकरदनला गेले, निमित्त टूरच्या फॉर्मवर सही. दुकानात गर्दी होती. एक गिऱ्हाईक पिशवी हातात घेऊन उलटसुलट करत होतं, बी खात्रीचं आहे का म्हणून विचारत होतं. धाकटे भाऊ काउंटरवर हात आपटून म्हणाले, "डोळे झाकून न्या मामा. ह्या कंपनीत तपासायला माझा सख्खा भाऊ हाये. त्यानी माझा प्लॉट सोडला न्हाई, दुसऱ्याचा काय सोडंल!"

मी फॉर्म पुढे केला, त्यांनी उभ्याउभ्या सही ठोकली. नंतर विचारलं, "मग बोलत का नाही त्यांच्याशी?"

"त्यो वेगळा हिशेब हाये मॅडम," ते म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आम्ही जालन्याहून रेल्वेने हैदराबादला आणि तिथून विमानाने निघालो. हैदराबादच्या विमानतळावर साहेबांची कॅन अडली. तपासणीवाला म्हणाला, पाणी नेता येत नाही. साहेब म्हणाले, "जालन्याचं पाणी हाये. नळाला आठ-आठ दिवसांनी येतं. फेकून देऊ?" मागे रांग वाढत चाललेली. शेवटी ते बाजूला झाले, आणि उभ्याने दोन लिटर पाणी प्यायले. थांबून, श्वास घेऊन, पुन्हा प्यायले. रिकामी कॅन खांद्याला लावून आत आले आणि पुढे विमानात सबंध प्रवास उठबस करत राहिले. शेजारच्या खिडकीत बसलेल्या भावाने एकदाही मान वळवली नाही, पण त्याचे खांदे हलत होते. मी नीट बघितलं, हसत होता.

तिथल्या हॉटेलात मी खोल्या काकूंनी सांगितल्या तशा शेजारी-शेजारी दिल्या. हॉटेलचं पाणी प्यायला साहेबांची हरकत नव्हती. "ह्यांचं आपल्याला काय बघायचं न्हाई," असं त्यांनी स्वतःलाच समजावलं आणि जगमधलं पाणी कॅनमध्ये भरून घेतलं.

पहिल्या दिवशी तुरुंग बघितला. त्या लांबच लांब गॅलऱ्या, एकसारख्या कोठड्या. सगळे डीलर पहिल्यांदाच गप्प झालेले मी बघितले. गाइड सांगत होता की एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे ठेवलंय, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचं तोंड दिसू नये, बोलता येऊ नये. साहेब एका खांबापाशी उभे होते, धाकटे भाऊ त्याच्या पुढच्या खांबापाशी, पाठ करून. काकू माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "बघ. त्या इंग्रजाला येवढं बांधावं लागलं. ह्या दोघांना बिनभिंतीचंच जमलं." मला हसू आलं आणि त्या जागी हसल्याची लाजही वाटली.

तिसऱ्या दिवशी बोटीने दुसऱ्या बेटावर गेलो. तिथे जंगलातून किनाऱ्याला उतरणारी पायवाट होती. मी त्याआधी जंगल म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरातली सागाची झाडं एवढंच बघितलेलं. हे जंगल वेगळंच. झाडावर झाड, त्याच्या खोडावर नेच्याची पानं, त्यावर शेवाळ, वरून लोंबणाऱ्या वेली, जाडजूड मुळं जमिनीच्या वर भिंतीसारखी उभी. हवा इतकी ओली की चष्म्यावर धुकं. आमच्याकडचे लोक 'काय ते पाणी, काय ते पाणी' करत चालले होते.

साहेब अर्ध्या वाटेत उभे राहिले. एका जागी गोल फिरले. मग मला म्हणाले, "ताई, हितं ऊनच खाली येऊन न्हाई राह्यलं. पाठ कुणाकडं करायची?"

"आज करू नका साहेब कुणाकडे पाठ," मी म्हटलं.

ते खाली वाकले, एक रोप धरलं, सोडलं. दुसरं धरलं, सोडलं. "ह्याच्यासारखं दुसरं दिसून न्हाई राह्यलं. त्याच्यासारखं बी न्हाई. हितं भेसळ कशाला म्हणावं?" आणि तासभर त्यांनी काहीही उपटलं नाही. काकूंना काळजी वाटायला लागली. त्यांनी कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. साहेबांना ताप नव्हता. ते मान वर करून तोंड उघडं ठेवून चालत होते, आणि मला वाटतं फार वर्षांनी कामाशिवाय झाडं बघत होते.

पण सवय अशी एका जंगलाने जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या बेटावरच्या हॉटेलात, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चहा घेऊन आले. शेजारच्या गॅलरीत धाकटे भाऊ ब्रश करत उभे, तोंडात फेस, खांद्यावर टॉवेल. समोर समुद्र, सूर्य नुकता वर आलेला. मी खाली बागेत बघितलं आणि कप हातातच राहिला.

खाली सदाफुलीचा मोठा ताटवा होता. सगळी फुलं पांढरी, मधे मधे गुलाबी. जमिनीवरून बघितलं तर गुलाबी झाडं अशीतशी विखुरलेली वाटावीत. पण वरून बघितलं की तो मासा होता. पांढऱ्या फुलांत गुलाबी फुलांचा भलामोठा मासा, डोळ्यासकट, हॉटेलवाल्यांनी मन लावून लावलेला. आणि आमचे साहेब, सूर्य पाठीशी घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, त्या ताटव्यातून ओळीने चालत होते. गुलाबी दिसलं की वाकायचे, मुळापाशी धरायचे, अलगद उपटायचे. उपटलेली झाडं बाजूला मुळं एकीकडे, शेंडे एकीकडे अशी नीट रचलेली. माशाचं शेपूट गेलं होतं. साहेब पोटाकडे निघाले होते.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी शेजारून आवाज आला.

"दादा! आरं ए दादा! थांब! मासा हाये त्यो!"

साहेब दचकून सरळ झाले. आधी त्यांनी समुद्राकडे बघितलं. मग वर बघितलं. भावाच्या तोंडातून फेस गळत होता.

"कुठं?" साहेब म्हणाले.

नऊ वर्षांनी दोन भाऊ बोलले ते हे.

तोवर हॉटेलचा मॅनेजर धावत आला होता. मीही खाली पळाले. मॅनेजर दोन्ही हात डोक्याला लावून हिंदीत ओरडत होता, आणि साहेब त्याला शांतपणे समजावत होते, "देखो साब, भेसळ था. फूल पे आया था. अब्बी नहीं निकालते तो पूरा प्लॉट हात से जाता." मॅनेजर आणखी भडकला. पोलिसांचं काहीतरी बोलायला लागला. काकू पदर तोंडाला लावून जिन्यात उभ्या.

तेवढ्यात धाकटे भाऊ ब्रश हातात घेऊन मधे घुसले. "साब," ते म्हणाले, "आप पच्चीस झाड का रोना लेके बैठे. इसने मेरा अख्खा प्लॉट निकाल दिया. मैं सग्गा भाई है इसका, सग्गा!"

मॅनेजरचे हात डोक्यावरून खाली आले. त्याने एकदा ह्याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. नाकं सारखीच होती. मागे जमलेले डीलर हसायला लागले, मग मॅनेजरलाही आवरेना.

"झाडं जित्ती हायेत," धाकटे भाऊ साहेबांना म्हणाले. "तू मुळं तोडत न्हाई, मला म्हाईत हाये. बस खाली. लाव परत." आणि स्वतः तरातरा जिना चढून गॅलरीत गेले, कारण मासा वरूनच दिसत होता.

मग ते सुरू झालं. ज्या माणसाने जन्मभर उपटलं, तो गुडघ्यांवर बसून बोटाने खड्डे करत होता. कॅनमधलं पाणी एकेका मुळाशी घालत होता. वरून धाकटा भाऊ हुकूम सोडत होता.

"डावीकडं घे. तुझी डावी न्हाई, माझी डावी!"

"हितं?"

"येक टाच खाली. आणिक. आं, बराबर. आता शेपटाचं टोक. जल्दी नको करू, वाकडं हून राह्यलं."

"वाकडं न्हाई ते."

"मी वर हाये का तू?"

साहेब निमूट झाड सरकवत होते. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. काकू तर उघडच रडत होत्या आणि मधूनच हसत होत्या.

शेपूट लागेपर्यंत ऊन चढलं. मॅनेजर तोवर मऊ झाला होता, त्याने सगळ्यांना चहा पाठवला. पोऱ्याने ट्रे पुढे केला आणि साहेबांनी हात मागे घेतला. "न्हाई. आता ह्यांचा प्लॉट बघितला आपण." काकूंनी कपाळावर हात मारला. कॅन रिकामी, घसा कोरडा, सदरा अंगाला चिकटलेला, आणि हा माणूस नियम सोडेना.

धाकटे भाऊ फाटकाबाहेर गेले. किनाऱ्यावर शहाळीवाला बसायचा. येताना त्यांच्या हातात एक सोललेलं शहाळं होतं. ते साहेबांच्या समोर उकिडवे बसले, पण शहाळं लगेच दिलं नाही.

"प्लॉट रद्द केला, त्याचं मला कायबी वाटलं न्हाई," ते म्हणाले. "भेसळ व्हतीच. चूक माझीच व्हती. पण माझी बायको तांब्या भरून बांधावर आल्ती. तू तिच्याकडं पाठ केली आन कॅनमधलं पाणी पेला. आपल्या घरी. आपल्या माईनं ज्या आडाचं पाणी पाजलं, त्याच आडाचं पाणी व्हतं ते, दादा."

साहेब मातीने भरलेली बोटं सदऱ्याला पुसायला लागले. "कागदावर सही व्हायची व्हती रे," ते म्हणाले.

"आन सही झाल्यावर?"

"सही झाल्यावर तुझ्या तोंडाकडं बघवलं न्हाई. म्हणून तसाच गाडीवर बसलो."

मग धाकट्या भावाने नळी काढून फेकली आणि शहाळं पुढे केलं. "हे झाड माझं न्हाई. शेत माझं न्हाई. आन चार दिवसांत तू बी साहेब ऱ्हाणार न्हाईस. आता तं पे."

साहेबांनी दोन्ही हातांनी शहाळं धरलं आणि तोंडाला लावलं. पाणी हनुवटीवरून, सदऱ्यावरून ओघळलं. निम्मं प्यायले आणि थांबले, उरलेलं भावाला दिलं. भावाने पिऊन टाकलं आणि करवंटी फोडून मलई मागायला पुन्हा शहाळीवाल्याकडे गेला.

साहेब आता हसनाबादला असतात. मागच्या हंगामात मी तिकडे गेले होते, कारण दोघा भावांनी मिळून कंपनीचा प्लॉट घेतला होता, सोयाबीनचाच, आणि कागदांवर सह्या हव्या होत्या. माझ्यासोबत तपासणीचा नवीन मुलगा होता. भर दुपारी तो प्लॉट चालून बांधावर आला, घामाने निथळत. धाकट्या भावाची बायको तांब्या घेऊन आली. त्याने हात पुढे केला.

"थांब," साहेब बांधावरून ओरडले. "सही झाली का?"

"नाही साहेब, अजून..."

"मंग पाणी न्हाई. वहिनी, तांब्या मागं घे."

"आरं दादा, लेकराचा घसा वाळून राह्यला," धाकटे भाऊ म्हणाले. "आपलाच प्लॉट हाये ना!"

"आपला हाये म्हणूनच."

वहिनी दोघांच्या मधे तांब्या धरून उभी राहिली. तो मुलगा माझ्याकडे बघायला लागला आणि मी दुसरीकडे बघितलं, कारण मला हसू आवरत नव्हतं. शेवटी धाकट्या भावाने बायकोच्या हातातला तांब्या घेतला आणि साहेबांच्या समोर धरला.

"मंग तू पे."

साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तांब्या घेतला आणि वहिनीकडे तोंड करून, सगळ्यांच्या समोर, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायले.